मधेच परत फिरता येतं का?

या वेळचं पत्र असं आहे:

"ताई, मी ३६ वर्षांची, दिवसभर खुर्चीत बसायचं काम. दोन वर्षं झाली, ट्रेकिंग, क्लायंबिंग, राफ्टिंग, पॅराग्लायडिंग असलं सगळं नुसतं मोबाईलवर बघतेय. आता ऑफिसातल्या ग्रुपने दोन महिन्यांनी ४,५०० मीटरच्या एका खिंडीचा ट्रेक ठरवलाय आणि मी भीतभीत नाव दिलंय. पण मला उंचीची भीती वाटते, गच्चीच्या कठड्यापाशी उभं राहिलं तरी पोटात गोळा येतो. घरचे म्हणतात या वयात हे काय नवीन खूळ. सामानाची यादी बघितली तर पगार तिथेच संपेल. नक्की कुठून सुरुवात करू? का नादच सोडून देऊ? ट्रेकचं वेळापत्रक सोबत जोडलंय. – घाबरट पण हौशी"

अगं घाबरट पण हौशी,

सही वाचूनच मला हायसं वाटलं. नुसते हौशी लोक असतात ना, कड्याच्या टोकावर पाय सोडून फोटो काढणारे, त्यांचीच मला जास्त धास्ती. तुझ्या पोटात गोळा येतो म्हणजे तुझं शरीर नीट काम करतंय एवढंच. आणि हे फक्त मनाचे खेळ नसतात बरं का. आपण उभे असतो तेव्हा तोल सांभाळायला डोळे जवळपासच्या वस्तूंचा आधार घेत असतात, भिंत, झाड, माणूस, काहीही. कठड्यापलीकडे सगळंच लांब असतं, डोळ्यांना धरायला काही सापडत नाही, मग शरीर खरोखरच जरासं डोलायला लागतं आणि मेंदू ओरडतो मागे हो. म्हणून डोंगरावर जिथे भीती वाटेल तिथे दरीत बघायचं नाही, दोन हातांवरचा दगड बघायचा, कातळाला नुसता हात लावून ठेवायचा, जमलं तर सरळ खाली बसायचं. मी अजूनही तेच करते. पंचवीस वर्षं झाली डोंगरात जायला लागून, भीती काही गेलेली नाही, फक्त ती कधी येणार हे आता आधी कळतं.

आता मुद्द्यावर येते. कुठून सुरुवात करू असं विचारलं की लोक सांगतात हा खेळ सोपा, तो अवघड, आणि घोळ तिथेच होतो. पॅराग्लायडिंगच्या टँडेमला, म्हणजे पायलटबरोबर एकाच छत्रीला बांधून, बसलीस तर अंगाला घामसुद्धा येणार नाही, आणि उन्हातला एखादा साधा मातीचा चढ तुला रडवेल. दमछाक वेगळी आणि धोका वेगळा. मी कुठल्याही नव्या प्रकाराला एकच प्रश्न विचारते, की यातून मधेच परत फिरता येतं का, आणि येत असेल तर कुठपर्यंत? हा प्रश्न मला कोणी शिकवला नाही, दोनतीनदा वाईट फजिती झाल्यावर सुचला, त्यातली एक पुढे सांगते.

बोल्डरिंग घे. चार-साडेचार मीटरचा दगड किंवा इनडोअर भिंत, दोर नाही, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) नाही, खाली जाड मॅट. नको वाटलं तर उतर, जमलं नाही तर उडी मार. परतीचा रस्ता कायम पायाखाली. फक्त एक, घोटे मुरगळतात ते इथेच, कारण लोक चढायला शिकतात आणि पडायला शिकत नाहीत. गुडघे सैल ठेवायचे, दोन्ही पाय एकदम टेकवायचे आणि लगेच पाठीवर लोळण घ्यायची, हात मागे टेकवायचे नाहीत, मनगट जातं. पहिल्या दिवशी अर्धा तास नुसतं पडायचं प्रॅक्टिस कर, लोक बघतील, बघू देत.

मग टॉप रोप. दोर वरच्या अँकरमधून फिरून आलेला असतो, एक टोक तुझ्या हार्नेसला आणि दुसरी बाजू खाली उभ्या असलेल्या माणसाच्या बिले डिव्हाइसमध्ये, म्हणजे दोर रोखून धरणाऱ्या साधनामध्ये. हात सुटला तर दोर जरा ताणेल, तू थोडीशी खाली येशील आणि लटकशील, बास. "उतरव" म्हटलं की खाली. उंचीची भीती असलेल्या माणसासाठी यापेक्षा बरी जागा मला माहीत नाही, कारण इथे तू स्वतः ठरवतेस आज किती वर जायचं. आज तीन मीटर, पुढच्या वेळी चार. लीड क्लायंबिंग हे वेगळं प्रकरण आहे, तिथे दोर खालून तुझ्याबरोबर वर येतो, वाटेत कातळातल्या कड्यांत तूच तो क्लिप करत, म्हणजे अडकवत जातेस, आणि शेवटच्या क्लिपच्या जितकी वर गेलीस त्याच्या दुप्पट अधिक दोराचा ताण एवढं पडायची तयारी लागते, ते पुढच्या वर्षीचं बघू. ऑलिंपिकमध्ये स्पोर्ट क्लायंबिंग आलं टोकियो २०२० ला (जे भरलं २०२१ मध्ये), तिथले स्पीडवाले १५ मीटरची भिंत पाच-सहा सेकंदांत चढून जातात, ते बघून न्यूनगंड आणून घेऊ नकोस, त्यांची भिंत जगात सगळीकडे सारखीच असते, एकेक होल्ड पाठ असतो.

ट्रेकिंगमध्ये जवळजवळ प्रत्येक पावलावर परत फिरता येतं, म्हणून सुरुवातीला ते चांगलंच आहे, पण त्यात एक छुपी मेख आहे, त्याच्याकडे शेवटी येते.

आता दुसऱ्या बाजूचे खेळ बघ. कॅनियनिंगला, म्हणजे पाण्याच्या घळीतून खाली उतरत जाण्याला, पहिला धबधबा दोराने उतरलात आणि वरून दोर खाली ओढून घेतला की संपलं, आता वर जायचा रस्ता नाही, उरलेली घळ पार करूनच बाहेर, मग पाणी वाढो नाहीतर कोणाचा पाय मुरगळो. राफ्टिंगचंही तसंच, नदीला एक ते सहा अशा श्रेणी असतात, पहिली म्हणजे नुसतं वाहतं पाणी आणि सहावी म्हणजे तिथे जायचंच नाही असं समज, पण श्रेणीपेक्षा मी आधी हे विचारते की मधे काठाला लागायला जागा कुठेकुठे आहे. तीन श्रेणीची नदी, दोन्हीकडे उतरता काठ, मला चालेल. तीच तीन श्रेणी पण दोन्ही बाजूंना उभा कातळ असेल तर दहा वेळा विचार. पॅराग्लायडिंगला पाय जमिनीवरून सुटले की लँडिंगशिवाय पर्याय नाही, आकाशात हँडब्रेक नसतो. म्हणून तिथला सगळा शहाणपणा जमिनीवर उभं असतानाच वापरायचा असतो, वारा, ढग, आणि पायलटचा चेहरा. टँडेम पायलट तासभर वाऱ्याकडे बघत बसला आणि मग म्हणाला आज नको, तर चिडू नकोस, त्याचा नंबर सेव्ह करून ठेव.

व्हिया फेराटा म्हणून एक प्रकार असतो, कातळात लोखंडी दोरखंड आणि शिड्या कायमच्या ठोकलेल्या. त्यातल्या बऱ्याचशा जुन्या वाटा पहिल्या महायुद्धात डोलोमाइट्समध्ये सैनिकांना ने-आण करायला केल्या होत्या. दिसायला एकदम सेफ, सारखी क्लिप केलेली असतेस, पण निम्म्या वाटेवर हातातलं बळ गेलं तर मागून येणाऱ्यांची रांग आणि खाली उतरणं हे चढण्यापेक्षा अवघड. आणि त्याला स्वतःचा वेगळा शॉक ॲब्सॉर्बरवाला सेट लागतो, साध्या स्लिंगवर (पट्टीच्या फासावर) जायचं नाही, कारण दोन खिळ्यांमधलं अंतर पडलीस तर झटका साध्या स्लिंगला झेपत नाही. बर्फ मी आत्ता यात घेतच नाहीये. ३० ते ४५ अंशांचा बर्फाचा उतार म्हणजे हिमप्रपाताची लाडकी जागा, आणि गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सापडला तर वाचायची आशा चांगली, त्यानंतर ती झपाट्याने कमी होते. म्हणजे वाचवणारा तुझ्या शेजारीच हवा, ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं घेऊन, आणि ते वापरायची सवय असलेला. त्याचा वेगळा कोर्स असतो, तो करूनच बर्फात जा.

आता ती फजिती. दुसऱ्या वर्षाची गोष्ट, मला सगळं येतं असं वाटायचं वय. रॅपलिंग करून एक कडा उतरत होतो. तुला रॅपलिंग माहीत नसेल तर सांगते, दोर डिसेंडरमधून, म्हणजे हार्नेसला अडकवलेल्या धातूच्या ब्रेकमधून, ओवलेला असतो, तू कड्याच्या काठावर पाठमोरी उभी राहतेस, पाय खांद्याएवढे फाकवून, आणि मागे रेलायचं असतं, अगदी खुर्चीत बसल्यासारखं, पण खुर्ची नाही. तो पहिला एक मीटर सगळ्यात घाण. शरीर पुढे कातळाला मिठी मारायला बघतं, आणि मिठी मारलीस की पाय घसरतात. उजवा हात मांडीच्या मागे, दोर त्यातून सरकतोय, तो हात म्हणजेच ब्रेक, तो कुठल्याही परिस्थितीत सोडायचा नाही, नाक खाजलं तरी नाही. भराभर उतरलं तर डिसेंडर इतका तापतो की हात लावला तर चटका बसेल.

तर मी उतरतेय, मजेत, वरच्यांशी गप्पा मारत. आणि सहज खाली बघितलं तर माझ्या कमरेखाली जेमतेम चार हात दोर उरलेला, आणि खालची कपार अजून दोन पुरुष खोल. दोराचं टोक हवेत लोंबतंय आणि टोकाला गाठ नाही. ती गाठ मारायचं काम माझं होतं. दोर खाली टाकायच्या आधी दोन्ही टोकांना एकेक गाठ, तीस सेकंदांचं काम, आणि गप्पांच्या नादात मी ते केलं नव्हतं, आणि दोर पोचला की नाही हेही बघितलं नव्हतं. गाठ असती तर डिसेंडर गाठीशी अडला असता. गाठ नव्हती, म्हणजे मी अजून थोडी गप्पा मारत राहिले असते तर दोर डिसेंडरमधून सटकन निघून गेला असता आणि मी हे लिहायला नसते. नशिबाने बरोबरच्या एका जाणत्या बाईने मला उतरायच्या आधी बळजबरीने प्रुसिक लावायला लावला होता, म्हणजे बारीक दोरीचा एक वेढा मुख्य दोरावर, ताण आला की तो आवळतो. मी त्यावर लटकले. वरून दुसरा दोर यायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मी काय काय बोलले ते मला वरचे अजून ऐकवतात.

यातून तुला दोन गोष्टी सांगायच्यात. एक, सामान सहसा दगा देत नाही. एका चांगल्या कॅरॅबिनरला (उघडझाप होणारं गेट असलेली धातूची कडी) गेट बंद असताना लांबीच्या दिशेने निदान २० किलोन्यूटन ताण सोसावाच लागतो, म्हणजे साधारण दोन टन वजन, तू आणि मी आणि तुझं अख्खं ऑफिस लटकलं तरी पहिला मोडणार तो नाही. पण गेट उघडं राहिलं तर तोच कॅरॅबिनर तिसऱ्या हिश्श्यावर येतो. गेट उघडं ठेवणारा माणूस असतो. म्हणून एकमेकांना तपासायची सवय लाव, निघायच्या आधी दरवेळी, बकल, गाठ, डिव्हाइस, कॅरॅबिनरचा लॉक, हात लावून, नुसतं बघून नाही. शंभराव्या वेळीसुद्धा. जो म्हणेल "काय गं, विश्वास नाही का", त्याच्या दोरावर जायचं नाही.

दुसरी, आधी उतरायला शीक. चढणं कोणीही शिकवतो, लोकांना त्याचेच फोटो हवे असतात. तू कुठल्याही बेसिक कोर्सला गेलीस तर शिकवणाऱ्याला विचार की पहिल्या दिवशी काय घेता. बिले, गाठी आणि खाली यायचं कसं हे म्हणाला तर बस. पहिल्याच दिवशी मोठ्या कड्यावर नेतो म्हणाला तर नको. अजून हे विचार, की एका शिकवणाऱ्यामागे किती जण असतात, एखाद्याला मधेच परत फिरायचं असेल तर त्याच्याबरोबर खाली कोण येतं, प्रथमोपचाराची पेटी कोणाकडे असते. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण अडखळतात. अडखळला की समजून घे, त्यांच्याकडे परत फिरायचा प्लॅनच नाहीये, सगळे वर जाणार असं गृहीत धरलेलं आहे. व्यावसायिक गाइडची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे आयएफएमजीए, १९६५ सालची, त्यांचा बिल्ला असलेला गाइड कित्येक वर्षांच्या ट्रेनिंगमधून आलेला असतो, पण बिल्ला असला तरी हे प्रश्न विचारायचेच, चांगला गाइड उलट खूश होतो.

आता तुझं ते वेळापत्रक. मी दोनदा वाचलं. पहिला मुक्काम २,४०० मीटर, दुसरा ३,२००, तिसरा ४,१००, चौथ्या दिवशी ४,५०० ची खिंड आणि खाली. स्पष्ट सांगते, या वेळापत्रकाने जाऊ नकोस. तुझ्या भीतीचा किंवा वयाचा काही संबंध नाही, मी पण जाणार नाही. साधारण २,५०० मीटरच्या वर गेलं की उंचीचा त्रास सुरू होऊ शकतो, आणि डोंगरातले डॉक्टर सांगतात की ३,००० च्या वर रोजच्या झोपायच्या जागेची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. दिवसा वर जाऊन आलात तरी चालतं, झोपायची उंची महत्त्वाची. तुमच्या कागदावर तिसऱ्या रात्री ९०० मीटरची उडी आहे. ५,५०० मीटरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, तुम्ही तितके वर जात नाही आहात हे खरं, पण ४,१०० ला पण श्वासागणिक ऑक्सिजन घरच्यापेक्षा बराच कमी मिळणार, आणि ती सवय व्हायला शरीराला लागतात दिवस. त्याला शॉर्टकट नाही. आणि लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे असतो, की मी फिट आहे, मला काय होतंय. फिटनेसचा आणि उंचीच्या त्रासाचा फारसा संबंध नसतो. उलट फिट माणूस भराभर वर जातो आणि आधी आडवा होतो, मी डोळ्यांनी बघितलंय.

तू काय कर, ग्रुपला सांग की ३,२०० ला एक दिवस जास्त आणि ३,७०० च्या आसपास एक मुक्काम अजून टाका. दोन दिवस वाढतात. रजा मिळत नाही म्हणाले तर खिंडीपर्यंत न जाता ३,२०० च्या मुक्कामावरून आसपास फिरून परत या, डोंगर तिथे पण तेवढाच असतो. आणि दोन्हीला नाही म्हणाले तर तू नाव काढून घे, पुढच्या वेळी जा. गेलीसच तर हे लक्षात ठेव, डोकेदुखी आणि त्याच्या जोडीला मळमळ, भूक नसणं, गळून गेल्यासारखं वाटणं असेल तर तिथून वर जायचं नाही, थांबायचं. आराम करूनही वाढत चाललं तर खाली. आणि चालताना दारू प्यायल्यासारखा तोल जायला लागला, बोलणं विचित्र झालं, किंवा नुसतं बसल्याबसल्या दम लागायला लागला, तर रात्र असो, पाऊस असो, लगेच खाली, कोणाला तरी सोबत घेऊन, सकाळची वाट बघायची नाही. हा त्रास मेंदूला किंवा फुफ्फुसांना सूज आल्याचा असू शकतो आणि त्यात माणूस जातो. गोळ्या असतात, पण त्या आधी आपल्या डॉक्टरला विचारून, कोणीतरी दिली म्हणून नाही. सगळ्यात मोठं औषध खाली येणं हेच.

हे ऐकून नाद सोडायचा विचार करत असशील तर थांब जरा. ३६ हे वय काहीच नाही. या सगळ्याची सुरुवात झाली म्हणतात ती १७८६ साली, माँ ब्लाँ पहिल्यांदा चढला तेव्हा, आणि चढणारे होते एक गावातला डॉक्टर पॅकार आणि एक डोंगरात स्फटिक शोधत फिरणारा बाल्मा. खेळाडू म्हणावं असं दोघांत कोणी नव्हतं, दोर, क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे बर्फातले खिळे) असलं आजचं सामान तर नव्हतंच. तुझ्याकडे दोन महिने आहेत आणि जिना आहे.

हो, जिना. सगळे जिने चढायचं प्रॅक्टिस करतात, तू उतरायचं कर. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच वजन तोलत असतात, त्याने त्यांना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पायांचे तुकडे पडतात. याची सवय फक्त उतरूनच होते. पहिल्या आठवड्यात रिकामं, मग पाठीवर सॅक, दोन किलोपासून सात-आठ किलोपर्यंत हळूहळू. उतरताना टाच आपटायची नाही, गुडघा जरा वाकलेला, छोटी पावलं. घसाऱ्यावर मागे रेललीस तर ढुंगणावर आपटशील, वजन पायावर ठेवायचं, भीती वाटली तरी. आठवड्यातून एकदा तीन-चार तास सलग चालून ये, चढउतार असलेल्या रस्त्यावर. वेळेचा हिशोब करायला एक जुना ठोकताळा आहे, नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा, १८९२ सालचा, की दर पाच किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. म्हणजे १० किलोमीटर आणि ९०० मीटर चढ असेल तर दोन अधिक दीड, साडेतीन तास. यात थांबणं, खाणं, फोटो काहीच धरलेलं नाही आणि नेस्मिथ साहेबांचे पाय पण तुझे नाहीत, तर त्याच्या दीडपट धर. मग ते उजेडात बसतंय का बघ.

सामानाचं म्हणशील तर ती यादी फाडून टाक. पैसे घालायचेत ते बुटात, पावसाच्या चांगल्या जॅकेटमध्ये आणि हेडटॉर्चमध्ये. टॉर्च दिवसाच्या ट्रेकलाही न्यायचा, कारण अंधार ठरवून होत नाही. सॅक, काठ्या, स्लीपिंग बॅग, हार्नेस, हेल्मेट पहिल्यांदा भाड्याने किंवा क्लबचं वापर. दोर आणि हार्नेस मात्र कोणाचं जुनं विकत घ्यायचं नाही, त्यावर काय पडलंय, किती उन्हात राहिलंय हे तुला दिसत नाही. कपड्यात एकच, अंगाला लागून कॉटन नको. ते घामाने ओलं होतं आणि ओलंच राहतं, आणि हजार मीटर वर गेलं की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, वर वारा. थंडीने काकडून निर्णय चुकतात, आधी हाताची बोटं आखडतात, मग माणूस चिडचिड करतो, मग गप्प होतो. गप्प झालेल्या माणसाकडे लक्ष ठेव. आणि एक शिट्टी घे, सॅकच्या पट्ट्याला अडकव. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, परत सहा. कोणी ऐकलं तर मिनिटात तीनने उत्तर येतं. शिट्टीला बॅटरी लागत नाही.

घरच्यांशी वाद घालू नकोस, त्यांना कामाला लाव. कुठल्या वाटेने जाणार, बरोबर कोण, गाइडचा नंबर, कुठल्या दिवशी कधीपर्यंत खाली येणार, आणि त्यानंतर किती तास फोन नाही आला तर कोणाला कळवायचं, हे एका कागदावर लिहून द्यायचं. माझ्या घरी दारामागे चिकटवलेलं असतं. काय करायचं ते माहीत असलं की माणसाची काळजी निम्मी होते, आणि खरंच काही झालं तर शोधायला येणाऱ्यांना तोच कागद लागतो.

आता ती ट्रेकिंगची मेख राहिली. मी म्हटलं ना, प्रत्येक पावलावर परत फिरता येतं. म्हणूनच कोणी फिरत नाही. अजून थोडं, त्या वळणापर्यंत, एवढे आलोय तर, असं करत करत परतीचा वेळ हळूच संपून जातो आणि कळत पण नाही. त्यावर उपाय एकच, घरून निघतानाच, पोट भरलेलं आणि डोकं थंड असताना, वेळ ठरवायची, की दुपारी अमुक वाजले की असू तिथून मागे. १९९६ ची गोष्ट आहे, स्वीडनचा योरान क्रॉप नावाचा माणूस घरून सायकलवरून सगळं सामान ओढत नेपाळला गेला, एव्हरेस्ट एकट्याने, ऑक्सिजनशिवाय चढायला. मे महिन्याच्या सुरुवातीला शिखर साधारण शंभर मीटर राहिलं होतं, आणि उशीर झाला म्हणून तो परत फिरला. डोळ्यांसमोर शिखर, हजारो किलोमीटर सायकल मारून आलेला, आणि फिरला. आठवड्याभरात, १० मेला, वर बरेच जण उशिरापर्यंत चढत राहिले आणि वादळ आलं, आठ माणसं गेली. क्रॉप खाली होता. २३ मेला तो परत वर गेला आणि शिखर करून आला. मला त्याच्या २३ तारखेपेक्षा त्या पहिल्या वेळचंच जास्त कौतुक वाटतं, तिथे शंभर मीटरवर उभं राहून घड्याळ बघणं मला जमलं असतं का, काय माहीत.

तर तुझा कार्यक्रम असा धर. या महिन्यात दोन-तीन वेळा टॉप रोप, जवळ जिथे इनडोअर भिंत असेल तिथे. जोडीने जिना आणि आठवड्याचं चालणं. पुढच्या महिन्यात एक रात्र मुक्कामाचा छोटा ट्रेक, कमी उंचीचा, त्यात मुद्दाम शिखराच्या आधीच एकदा परत फिरून बघ, कसं वाटतं ते. राफ्टिंग, पॅराग्लायडिंग वगैरे नंतर, कुठे पळून जात नाहीये. आणि ग्रुपला वेळापत्रकाचं आजच विचार, काय म्हणाले ते मला कळव.

अगं आणि बूट. संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभराने पाय जरा सुजलेले असतात तेव्हा, जे मोजे ट्रेकला घालणार तेच घालून. दुकानात एखादी उतरती फळी असेल तर तिच्यावरून खाली चाल, नसेल तर जिन्यावरून, आणि अंगठा पुढे आपटतोय का बघ, आपटला तर अर्धा नंबर मोठा. पहिली नखं माझी अशीच काळी पडून गळली होती. घेतलेस की त्याच दिवसापासून घरात घालायला लाग, भांडी घासताना पण. घरचे हसले तर हसू देत.

– ताई